डेमो बघण्याआधी एक्सपोर्ट मागा

तुम्ही लिहिलंय की लोकांच्या घरी इंटरनेट पुरवता, ग्राहक सातशेच्या आसपास, हिशोब एक्सेलमध्ये, प्लॅन संपला की तुमच्या राउटरवर जाऊन हाताने सीक्रेट (त्या ग्राहकाच्या लॉगिन-पासवर्डची नोंद) डिसेबल करायचं, आणि आता हे सगळं सांभाळणाऱ्या दोन सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय: एकाची फीचरची यादी लांबलचक, दुसरं स्वस्त पण साधं. आमचंही अगदी असंच चालायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कुठल्याही कंपनीचा माणूस नाही. शिवाय हे सगळं पीपीपीओई (ग्राहकाचा राउटर नाव-पासवर्ड देऊन जोडला जातो ती पद्धत) आणि रेडियस (ते नाव-पासवर्ड तपासून वापराची नोंद ठेवणारा सर्व्हर) यांवर चालणाऱ्या लहान नेटवर्कपुरतं आहे. डीएचसीपीवर (लॉगिन न मागता आपोआप पत्ता देणारी पद्धत) असाल तर यातलं निम्मं सोडून द्या.

बिलिंग, तक्रारींची तिकिटं, मेसेज, ग्राहकाचं अ‍ॅप हे हल्ली सगळ्यांकडे असतं, त्यावर लिहीत नाही. माझा पहिला प्रश्न वेगळा: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं तर काय काय हातात घेऊन बाहेर पडता येईल?

आम्ही आधी ज्यांचं सॉफ्टवेअर वापरायचो त्या कंपनीची विक्रीची माणसं फोन केला की दुसऱ्या रिंगला उचलायची. आम्ही सोडतोय म्हटल्यावर सगळं सपोर्ट विभागाकडे गेलं. डेटा मागितला तर उत्तर आलं, "डेटा तुमचाच आहे, रिपोर्टमधून डाउनलोड करून घ्या." रिपोर्टमध्ये काय, तर नाव, फोन, चालू प्लॅन आणि शेवटची बाकी. जुनी बिलं हवीत तर एकेका ग्राहकाचं पान उघडून एकेक पीडीएफ. बाकी कशी झाली, कुठली रक्कम कुठल्या बिलापोटी जमा झाली, मध्ये प्लॅन बदलल्याचा फरक कसा धरला, याचा कुठेच पत्ता नाही. नंतर एखादा ग्राहक म्हणाला की मी दोन महिन्यांचे आगाऊ भरले होते, तर आमच्याकडे दाखवायला फक्त एक आकडा, तोही त्याला मान्य नसलेला. आम्ही पुन्हा तिकीट टाकायचो, ते 'सोडवले' असा शिक्का मारून बंद करायचे. कुणी उद्धट बोललं नाही हो, हीच खरी चीड! गोड बोलून काहीही द्यायचं नाही.

पण खरा फटका पासवर्डचा. सगळ्यांचे पीपीपीओई पासवर्ड त्यांच्या सर्व्हरवर आणि आम्हाला स्क्रीनवर नुसते तारे. कारण काय, तर सुरक्षा. आता बघा, तुमच्याकडे चॅप (पासवर्ड पडताळायची एक पद्धत) चालत असेल तर ही सबब टिकत नाही. चॅपमध्ये पासवर्ड वायरवरून जातच नाही, तुमचा राउटर एक चॅलेंज (दर वेळी नवा आकडा) देतो आणि त्याचं उत्तर पडताळायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड असावाच लागतो. म्हणजे तो त्यांच्याकडे होता, फक्त द्यायचा नव्हता. नवे पासवर्ड टाकायचे तर प्रत्येक घरी जाऊन राउटर उघडायचा. शेवटी आम्ही पीपीपीओई सर्व्हरवर काही काळ फक्त पीएपी (पडताळणीची दुसरी, जुनी पद्धत) ठेवलं आणि मध्ये स्वतःचा फ्रीरेडियस (फुकट मिळणारा रेडियस सर्व्हर) प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या म्हणून बसवला. पीएपीमध्ये पासवर्ड रेडियसपर्यंत वाचता येईल असा पोचतो, त्यामुळे जो जो ग्राहक पुन्हा जोडला गेला त्याचा पासवर्ड आमच्या नोंदीत आला. ज्यांच्या घरचे राउटर फक्त चॅपवर बांधलेले होते ते मात्र बंद पडले, आणि त्यांच्या घरी जावंच लागलं. हा उपाय मी कुणाला सहज सुचवणार नाही. करावाच लागला तर काम झाल्यावर चॅप परत चालू करा आणि पासवर्ड असलेली ती लॉग फाइल उघडी टाकू नका.

तुमचं बरं आहे, तुमचे पासवर्ड आज तुमच्याच राउटरवर आहेत. काही हलवण्याआधी सीक्रेटचा एक्सपोर्ट काढून बाजूला ठेवा. राउटर मायक्रोटिक कंपनीचा आणि त्यावर त्यांची राउटरओएस ७ ही प्रणाली असेल तर एक्सपोर्टला 'शो-सेन्सिटिव्ह' जोडल्याशिवाय पासवर्ड येत नाहीत, फाइल उघडून खात्री करा. आणि एक गोष्ट डेमोत कोणी सांगत नाही: मायक्रोटिक आधी स्वतःकडची सीक्रेट बघतं, तिथे नाव सापडलं नाही तरच रेडियसला विचारतं. म्हणजे जुनी सीक्रेट तशीच राहिली तर सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक बंद दिसतो आणि घरी नेट मजेत चालू. एक्सपोर्ट हातात आल्यावर, थोडे थोडे ग्राहक हलवत, ती राउटरवरून काढत जा.

आता चाचणीबद्दल. त्यांच्या डेमो सर्व्हरवर सगळं चकाचक चालतं. तुमचा एक राउटर जोडून द्या म्हणा आणि दहाएक खोटे ग्राहक टाका. एकाचे आगाऊ पैसे घ्या, एकाचा प्लॅन महिन्याच्या मध्यात बदला, एकाची पावती रद्द करा. मग सगळं सीएसव्हीत काढा आणि नुसत्या त्या फाइलवरून प्रत्येकाची बाकी जुळते का बघा. जुळली नाही तर तिथेच नमस्कार करून उठा. फीचरची यादी मग कितीही लांब असो.

त्याच राउटरवर आणखी दोन गोष्टी तपासा. ग्राहक ऑनलाइन असताना प्लॅन बदलला तर वेग जागच्या जागी बदलतो, की सेशन तोडून परत जोडतात? पहिल्यासाठी सीओए (चालू सेशनमध्येच बदल करायला लावणारा रेडियसचा निरोप) लागतं आणि पुष्कळजण 'सपोर्ट आहे' म्हणून नुसतं डिस्कनेक्ट पाठवतात. दुसरं, राउटरची वीज घालवून परत चालू करा. सेशन संपल्याचा निरोप सर्व्हरला मिळत नाही, तो ग्राहक अजून आतच आहे असं समजतो आणि 'एका वेळी एकच लॉगिन' लावलेलं असेल तर त्यालाच परत आत घेत नाही. चांगलं सॉफ्टवेअर अशी लटकलेली सेशन आपोआप साफ करतं. आमच्याकडे ते काम रात्री जागून माणूस करायचा.

डेटा मर्यादेचे प्लॅन विकत असाल तर मोजणीही बघा. रेडियसचा बाइट मोजणारा मूळ आकडा ३२ बिटांचा आहे, ४ जीबी झाले की परत शून्यावर येतो. किती वेळा फिरला ते गिगावर्ड्स नावाच्या वेगळ्या फील्डमध्ये येतं. ते सॉफ्टवेअरने वाचलंच नाही तर ग्राहकाचा वापर कमी दिसतो, आणि असली तक्रार ग्राहक कधीच करत नाही!

रेडियस त्यांच्या क्लाउडवरच असेल तर तुमची बाहेरची लाइन पडल्यावर जोडलेले ग्राहक जोडलेले राहतात, पण नवा लॉगिन होत नाही. त्यातच एखादा भाग वीज जाऊन परत आला की तिथले सगळे एकदम दारात उभे. स्थानिक रेडियस ठेवता येतो का, हे लेखी विचारा.

सहज आठवलं म्हणून: युजरनेम म्हणून फोन नंबर वापरू नका. लोक नंबर बदलतात, मग जुना इतिहास भलत्याच माणसाच्या नावावर चिकटतो. ओएनटीचा (ग्राहकाच्या घरचा फायबरचा डबा) सिरीयल नंबर आणि स्प्लिटरचा (एका फायबरच्या अनेक शाखा करणारा) पोर्ट यांनाही वेगळे रकाने हवेत, शेरा लिहायच्या जागेत कोंबू नका.

फुकटातलं हवं तर फ्रीरेडियसवर डॅलोरेडियस (ब्राउझरमधून तो सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवता येतं, पण लिनक्सला हात लावणारं कोणी घरात असेल तरच. वसुलीचं काम त्यात फार पुढे जात नाही. तयारमध्ये स्प्लिंक्ससारख्यांचा स्वतःचा रेडियस असतो. नाव घेतलं म्हणजे शिफारस समजू नका, वरच्या चाचण्या त्यालाही लावा.

तुमच्या दोघांपैकी मी स्वस्त आणि साधंच घेईन, पण ते रोज रात्री संपूर्ण डेटाबेसची प्रत तुमच्या मशीनवर टाकायला तयार असतील तरच, आणि ते करारात लिहून देतील तरच. वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका, सवलत कितीही दिली तरी पहिले काही महिने मासिकच ठेवा. राउटर कुठला आहे आणि पीएपी चालू आहे की चॅप, ते इथे लिहा. एक्सपोर्टची नेमकी कमांड त्यावरून सांगतो.