रोमहून एका दिवसात ऑर्व्हिएतो पाहून होईल का?

होईल, पण सकाळी लवकर निघा. रोमा तेर्मिनीहून थेट रीजनल ट्रेनने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही दंड बसतो तो इथेच. ऑर्व्हिएतो गाव उंच कड्यावर आहे आणि स्टेशन त्या कड्याच्या पायथ्याशी. समोरूनच फ्युनिक्युलर (दोरखंडाने उतारावर ओढली जाणारी रेल्वे) वर पियाझ्झा काहेन या चौकात नेते.

उतरल्या उतरल्या शेजारची सान पात्रित्सिओची विहीर आधी पाहा. 1527 मध्ये रोम लुटलं गेल्यावर इथे आश्रयाला आलेल्या पोप सातव्या क्लेमेंटने ती खोदवली. उतरायचा आणि चढायचा जिना वेगळा, प्रत्येकी 248 पायऱ्या. पाणी वाहणाऱ्या खेचरांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ वगळा. खाली ओल आणि गारवा असतो.

मग दुओमो, म्हणजे इथलं कॅथेड्रल. खांदे झाकलेले हवेत. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमधली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं चुकवू नका, कॅथेड्रलला येण्याचं खरं कारण तेच.

एट्रस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांची थडगी (क्रोचिफिस्सो देल तुफो, इसवी सनपूर्व सहावं शतक) कड्याखाली आहेत, म्हणून ती परतताना.