एकच मॉनिटर, कीबोर्ड आणि स्पीकर तीन जुन्या कॉम्प्युटरना कसे जोडू?

४८६ आणि पेंटियम हे दोन जुने पीसी आणि कॉमोडोरचा अमिगा ५०० एकाच टेबलावर हवेत, म्हणजे पहिल्या दोघांचं सोपं आहे: पीएस/२ (कीबोर्डचं लहान गोल सॉकेट) वाला केव्हीएम स्विच, म्हणजे एकच कीबोर्ड आणि मॉनिटर हव्या त्या कॉम्प्युटरकडे वळवणारा डबा घ्या. ४८६ला जाड गोल पाच पिनांचं सॉकेट असेल तर साधा अडॅप्टर पुरतो. स्विच इलेक्ट्रॉनिकच घ्या. खटका फिरवायच्या मेकॅनिकल स्विचवर दुसरं मशीन निवडलेलं असताना ४८६ चालू केलं, की ते ‘कीबोर्ड एरर’ दाखवून अडून बसतं.

खरी डोकेदुखी अमिगा. कीबोर्ड त्याच्या अंगातच आहे, म्हणून प्रश्न फक्त चित्राचा. पण ते १५ किलोहर्ट्झवर येतं आणि व्हीजीए मॉनिटरला किमान ३१ लागतात. मध्ये स्कॅन डबलर, म्हणजे ही फ्रिक्वेन्सी दुप्पट करणारा डबा नसेल तर पडदा काळा, नाहीतर ‘आउट ऑफ रेंज’.

आवाजासाठी वाय केबलने (दोन तारांची एक करणाऱ्या) मशीनचे लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर येणारे सॉकेट, एकमेकांना जोडू नका, आउटपुट एकमेकांवरच जोर लावतात. लहानसा ऑडिओ मिक्सर (अनेक आवाज एकत्र करणारं यंत्र) घ्या, किंवा प्रत्येक आउटपुटच्या डाव्या-उजव्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग तारा जोडा. मी मिक्सरच ठेवलाय. मशीन बदलताना आवाजाकडे बघावंच लागत नाही.