वय ४३, पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये, आता जाम कंटाळा आलाय. खरी आवड कशी ओळखायची, नोकरी सोडू का?

अहो, आवड डोळे मिटून विचार करत बसलं की सापडत नाही, ती बहुतेक आधीपासून कुठंतरी चालूच असते, आपण तिला टाईमपास म्हणत असतो एवढंच. डॉ. श्रीराम लागूंचं बघा ना, कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस केली आणि १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले. लोक एवढंच सांगतात, पण नाटक ते मेडिकल कॉलेजपासून करत होते, पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत हौशी कामं केलेली, म्हणजे उडी मारली तेव्हा पोहता येत होतं.

माझं म्हणाल तर मी ४५व्या वर्षी सुतारकामात आलो, त्याआधी दोन वर्षं फक्त शनिवार-रविवार. पहिलं स्टूल चारही पायांवर कधी टेकलंच नाही, बायको अजून एका पायाखाली पुठ्ठा सरकवून त्यावर तुळशीची कुंडी ठेवते 😄 पण सोमवारी ऑफिसात बसून डोक्यात तो सांधा कुठं चुकला हेच चालायचं, तेव्हा कळलं.

पैशाचं मात्र हिशोबानं. वर्षभराचा घरखर्च आणि ईएमआय बाजूला ठेवा, आणि नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो, म्हणून स्वतःचा आत्ताच काढा, कारण जुन्या दुखण्यांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे सुरुवातीचा काही काळ त्यांचा खर्च मिळत नाही. राजीनामा सगळ्यात शेवटी.

आणि तुम्हाला कशाची आवड वाटतेय ते लिहिलंच नाहीत की.