केबल काढून बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. भोसरीतलं कंट्रोल पॅनेल आता साइटवर पोचलंय आणि पहिली ट्रायल तू एकटा घेणार आहेस, हे कळल्यापासून तुला लिहायचं मनात होतं.

मोटर फिरवायची घाई करू नकोस. मोटरकडे जाणारे फीडर, म्हणजे सप्लायचे स्विच, पाड, त्यांना कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघ, मग मोटरच्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या वेळी मीटरच बंद पडला असेल, तर शून्य दिसूनही करंट असू शकतो. 24 व्होल्टचा कंट्रोल सप्लाय चालू असू दे. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा मोठा स्विच) ओढेल, मोटर जागची हलणार नाही. बऱ्याचशा चुका इथेच सापडतात.

स्क्रीनवर आकडा दिसला म्हणून तो खरा मानू नकोस. लेव्हल ट्रान्समीटरच्या (टाकीची पातळी करंटच्या रूपात पाठवणाऱ्या सेन्सरच्या) जागी कॅलिब्रेटर, म्हणजे हवा तो करंट देणारं यंत्र, लावून 4, 12 आणि 20 मिलिअँपिअर दे. टाकीची रेंज 4 मीटर असेल, तर 0, 2 आणि 4 मीटर दिसायला हवेत, पीएलसीतही (यंत्र चालवणारा कंट्रोलर) आणि एचएमआयवरही (ऑपरेटरची स्क्रीन). मग तार सोडव. त्या वेळी ‘टाकी रिकामी’ असं दिसलं तर पंप भरलेल्या टाकीतही पाणी ओतत राहील. तिथे सेन्सर फॉल्टच यायला हवा. मॉडबस (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) असेल तर पत्त्यातल्या एका घराच्या फरकाकडे लक्ष दे. कागदावरचं 40001 प्रत्यक्ष संदेशात 0 असतं, आणि लेव्हलच्या चौकटीत शेजारचं प्रेशर येऊन बसतं. आकडा पटण्यासारखा असला की कुणाला शंकाही येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. एका कारखान्यात मी कन्व्हेयरचं जॉग बटण, म्हणजे दाबून धरलं तेवढाच वेळ पट्टा चालवणारं बटण, एचएमआयवर दिलं होतं. दाबलं की 1, सोडलं की 0. ऑपरेटरने बटण दाबलेलं असतानाच कम्युनिकेशन केबल सैल झाली. त्याने बोट उचललं, पण 0 पीएलसीपर्यंत पोचलाच नाही. पट्टा चालत राहिला, आणि पुढच्या रोलरपाशी फिटरचा हात होता. कुणीतरी इमर्जन्सी दाबली म्हणून हात वाचला. टेबलावर ते बटण मी पन्नास वेळा दाबलं असेल, केबल एकदाही काढून बघितली नव्हती.

म्हणून तू काढ. प्रत्येक बटण दाबून धर आणि केबल उपट. एचएमआयने दर सेकंदाला एक बिट बदलत राहावं, आणि तो बदलायचा थांबला की पीएलसीने सगळे जॉग आदेश पुसावेत. तेवढ्या वेळातही पट्टा पुढे जातोच, त्यामुळे माणूस जवळ असेल तिथे जॉगसाठी वायरिंगचं साधं पुशबटणच दे. क्लायंट कितीही म्हणाला तरी.

इमर्जन्सी स्टॉप कधीही स्क्रीनवर नको. पीएलसी स्टॉप मोडला टाकून ती दाब; कॉन्टॅक्टर आधीच सुटलेले असतील, म्हणून सेफ्टी रिलेचे (इमर्जन्सी दाबली की सप्लाय तोडणाऱ्या रिलेचे) दिवे बघ. मग पीएलसी रनला घे, कॉन्टॅक्टर ओढलेला असताना पुन्हा दाब. सप्लाय घालवून परत आण. आपोआप काहीही सुरू होता कामा नये.

शेवटी फोर्स टेबल उघड, म्हणजे टेस्टिंगसाठी लॅपटॉपवरून जबरदस्तीने 1 किंवा 0 केलेल्या सिग्नलची यादी. अनेक पीएलसींमध्ये लॅपटॉप काढला तरी फोर्स तसाच राहतो. ते रिकामं दिसल्याशिवाय कुलूप काढू नकोस, आणि काढण्याआधी मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल.

तुझा,
सर