रेल्वेचा हॉर्न आणि रात्रीची झोप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्यात कूलरसाठी खिडक्या उघडल्या जातात आणि नागपुरातील रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांमधून मला येणारी पत्रे वाढतात. लोको पायलट, म्हणजे रेल्वेगाडीचा चालक, सवयीने हॉर्न वाजवतो आणि वरून आदेश निघाला की तो थांबेल, असा समज त्यांपैकी बहुतेकांत आढळतो. या समजापायी लोक वर्षानुवर्षे अर्ज करीत राहतात, म्हणून ही उत्तरे.

प्रश्न : दिवसा ऐकू न येणारा हॉर्न रात्री उशाशी वाजल्यासारखा का वाटतो? (गोधनी)

रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळून दूरवर पोहोचतो. शिवाय त्याला झाकणारी रहदारीही तेव्हा नसते.

प्रश्न : अमेरिकेत ‘शांत टापू’ जाहीर करून हॉर्न बंद करतात, असे ऐकले. आपल्याकडे रात्री दहानंतर ते का होऊ नये? (खापरी)

या ऐकीव माहितीतील महत्त्वाचा अर्धा भाग नेहमीच गळून पडतो. तेथील 2005 च्या नियमानुसार, फाटक चुकवून वाहन आत शिरू नये म्हणून रस्ता पूर्ण अडवणारी फाटके किंवा दुभाजक यांसारखी पर्यायी सुरक्षा उभारावी लागते आणि त्यानंतरही रुळावर माणूस दिसल्यास चालक हॉर्न वाजवू शकतो. आपल्याकडे फाटकाच्या सुमारे 600 मीटर अलीकडे ‘सी/फा’ (सीटी/फाटक) अशी पाटी असते आणि तेथून शिटी देणे हे लोको पायलटचे कर्तव्य आहे. ताशी 110 किलोमीटर वेगाच्या गाडीला हे अंतर कापण्यास जवळजवळ 20 सेकंद लागतात. निम्म्या वेगाची मालगाडी 40 सेकंद घेते. फाटकाच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग झाला, तरच या शिटीचे कारण संपते.

मात्र जेथे फाटक नाही तेथेही हॉर्न वाजतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कुंपणाला पाडलेल्या भगदाडात असते. ज्या वस्तीतून हॉर्नविरुद्ध शंभर सह्यांचा अर्ज जातो, त्याच वस्तीतील माणसे सकाळी दूध आणायला आणि रात्री बाजारातून परतताना रूळ ओलांडत असतील, तर लोको पायलटने हॉर्न वाजवू नये असे मी कधीही म्हणणार नाही. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 147 खाली या घुसखोरीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीने पायवाट मोडत नाही. मुंबईत 2010 च्या सुमारास वडाळ्याजवळ रुळांखालचे काही स्लीपर (आडवे ठोकळे) पिवळे रंगवून गाडीचा वेग लोकांच्या नजरेत भरेल असे केले गेले आणि एका लांब शिटीऐवजी दोन आखूड शिट्या देण्याचा प्रयोगही झाला. असे प्रयोग रेल्वेच्या सुरक्षा विभागानेच ठरवायचे असतात. आपण कुंपणाची दुरुस्ती आणि पादचारी पूल मागावा, आणि तो झाल्यावर वापरावा.

प्रश्न : ‘शंभर टक्के साउंडप्रूफ’ खिडकी बसवून देतो, असे विक्रेता म्हणतो. बसवावी का? (अजनी)

शंभर टक्के साउंडप्रूफ खिडकी नावाची वस्तू नाही. दर्शनी भागाचा एक टक्का जरी उघडा राहिला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, आवाज 20 डेसिबलपेक्षा फारसा कमी होत नाही. आणि नागपुरात मार्च ते जून त्याच खिडकीत कूलर बसतो, ज्याची हवा बाहेर जाण्यासाठी आणखी एक खिडकी उघडी ठेवावी लागते. मग महागड्या काचेचा उपयोग काय? आधी कूलर रुळांच्या विरुद्ध बाजूस न्यावा, शक्य असल्यास झोपण्याची खोलीही तिकडेच करावी, दारे-खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बंद कराव्यात, आणि त्यानंतरच लॅमिनेटेड काचेचा किंवा मध्ये पुरेशी पोकळी असलेल्या दुहेरी खिडकीचा विचार करावा. भिंतीवर फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने खोलीतील घुमणे कमी होते, बाहेरचा आवाज अडत नाही. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या ध्वनितज्ज्ञाकडून मोजणी करून घ्यावी.

प्रश्न : कुंपणालगत झाडे लावली तर? (कळमना)

सावलीसाठी जरूर लावावीत; एका रांगेने हॉर्न अडणार नाही.

प्रश्न : मोबाइलवर 95 डेसिबल दिसले. तक्रार कोठे करावी? (इतवारी)

आधी मार्ग कोणाचा ते पाहावे. नागपुरात दोन रेल्वेंचे दोन विभाग आहेत : अजनी, खापरी, गोधनी मध्य रेल्वेकडे, तर इतवारी, कळमना, कामठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे येतात. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, पण ती ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजतात. मोबाइलवरचा क्षणिक आकडा पुरावा ठरत नाही. आठवडाभर वेळ, दिशा आणि हॉर्न किती सेकंद वाजला याची नोंद ठेवावी, प्रमाणित यंत्राने मोजणी करावी आणि कायदेशीर पाऊल उचलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आठ महिन्यांचे बाळ हॉर्नने दचकून उठते. कानात कापूस घालावा का? (मानकापूर)

घालू नये. पाळणा आतल्या खोलीत न्यावा आणि बाळाला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.