ती विचित्र नावं वाचायची कशी?

प्रश्न: फँटसी कादंबऱ्या खूप वाचतो पण नावं आली की गाडी अडते, मनातल्या मनात कायतरी म्हणून पुढे जातो. मग मित्रांशी बोलताना कळतं की प्रत्येकाचा उच्चार वेगळा. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॅलाड्रिएलच्या नवऱ्याचं नाव सेलेबॉर्न की केलेबोर्न? यात बरोबर-चूक असं काही असतं का?

उत्तर: असतं, पण प्रत्येक लेखकाच्या बाबतीत नाही. टोल्किनच्या बाबतीत नक्की असतं, आणि उत्तर केलेबोर्न! 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या खंडाच्या (१९५५) शेवटी परिशिष्टात त्याने उच्चारांचे नियमच देऊन ठेवलेत, फक्त तिथपर्यंत फारसं कुणी पोचत नाही. 'सी' म्हणजे कायम 'क', म्हणून सिरिथ नाही, किरिथ उंगोल. 'ए-यू' जोडून आलं की 'आउ', म्हणजे सॉरॉन नाही, साउरॉन. शेवटचा 'ई' मुका नाही, ओरोमे असं पूर्ण म्हणायचं. 'आर' कुठेही खायचा नाही, जे आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं जातं. त्याच्या एल्फांच्या दोन भाषांपैकी क्वेन्यावर फिनिशची छाप आहे आणि सिंदारिनवर वेल्शची, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीने वाचलं की घोळ होणारच.

जोर कुठे द्यायचा हे तर शाळेत वृत्तं शिकलेल्याला लगेच जमेल. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, म्हणून इ-सिल-दुर मध्ये 'सिल'वर. ते लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर, डेनेथोरमध्ये 'डे'वर.

बाकीचे लेखक एवढे कष्ट घेत नाहीत. 'हॅरी पॉटर'वाल्या रोलिंगने हर्मायनी या नावाचा उच्चार चौथ्या पुस्तकात (२०००) क्रम नावाच्या पात्राला शिकवण्याच्या निमित्ताने वाचकांनाही शिकवून टाकला, तोवर कितीतरी जण भलतंच म्हणत होते. आणि सिनेमा हा पुरावा धरू नका, व्होल्डेमॉर्टमधला शेवटचा 'ट' मुका आहे असं तिने २०१५ साली सांगितलं, सिनेमात मात्र सगळे तो ठणठणीत म्हणतात. लेखकाने काहीच सांगितलं नसेल तर एक उच्चार धरा आणि बिनधास्त तोच म्हणा, मित्र हसले तर त्यांना विचारा की तुमचा कुठून आला.

राहिला नावाच्या मधोमध येणारा अपॉस्ट्रॉफी. कुणी तो क्षणभर थांबायला वापरतं, कुणी नुसता परग्रहावरचा वाटावा म्हणून टाकतं. पुस्तकात खुलासा नसेल तर मी तो सरळ गाळून वाचतो.