सायकलीने ताण कमी होतो का? माझा साताऱ्यातला अनुभव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, हिंजवडीत नोकरी, रात्री साडेअकरापर्यंत परदेशातल्या टीमचे कॉल. वडिलांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झालेत. झोप मोडलीय, बीपी काठावर आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय आणि एक मित्र सायकल घे म्हणून मागे लागलाय. सायकलीने खरंच काही होतं का आणि वेळ आणायचा कुठून, हे तुम्हाला हवंय.

होतं. पण ताण निघून जातो अशा अपेक्षेने बसलात तर दोन आठवड्यांत सायकल जिन्याखाली जाईल. कॉल तितकेच राहतात, वडिलांचं दुखणं तितकंच राहतं. बदलतं ते वेगळंच काहीतरी. ते मला एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी साताऱ्यात एका सरकारी बँकेत कॅशियर होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटाबंदी जाहीर झाली, ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० ला सकाळी आम्ही शटर उघडलं तेव्हा रांग चौकापर्यंत गेली होती. त्यापुढचे पन्नास दिवस मी कसे काढले ते आठवलं की अजून खांदे आखडतात. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी ४,०००, मग ४,५००, मग २,०००. दर वेळी लोकांना समजावून सांगायचं काम काउंटरवरच्या माणसाचं. म्हातारी माणसं बोटाला शाई लावून घ्यायची आणि माझ्याकडेच अपराध्यासारखं बघायची. रात्री नऊ-दहाला टॅली लागायची. दोन वेळा कॅश कमी पडली, एकूण ७,५०० रुपये, ते मी खिशातून भरले. घरी येऊन आडवी झाले की डोळ्यापुढे नोटा मोजल्या जायच्या. हात उशीवर असायचा आणि अंगठा आपोआप हलत असायचा.

जानेवारीत डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि चालायला जा म्हणाले. चालायला गेले, पण चालताना डोक्यातलं चक्र थांबेना. उलट चालणं असं संथ की विचारांना मोकळं रानच मिळालं. आमचा मुलगा तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर गेला होता. त्याची गियरची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. लहानपणी माहेरी, रहिमतपूरला, तासाच्या भाड्याने सायकल घेऊन मधल्या नळीखालून पाय घालून शिकले होते, तेवढंच काय ते भांडवल. वय ४६. एका रविवारी ती सायकल दुकानात नेली. मागच्या चाकाला आउट होता, म्हणजे ते वाकडं फिरत होतं, तो काढून घेतला, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संगम माहुलीकडे निघाले.

पोवई नाक्यापासून माहुली पाचेक किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाट, दगडी देवळं. जाताना बराचसा उतार आहे, त्यामुळे सहज पोचले. येताना चढाला दम लागला. मधे दोनदा उतरून सायकल हातात धरून चालले. घरी आले, चहा ठेवला आणि दूध ओतताना लक्षात आलं की गेला पाऊण तास मला बँक आठवलीच नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले थोडा वेळ.

त्याचं कारण पुढे माझं मला उमगलं. सायकलवर डोकं रिकामं होत नाही, ते कामाला लागतं. पुढे खड्डा आहे, डावीकडून कुत्रं येतंय, मागून एसटीचा हॉर्न, वारा समोरून आहे, गियर हलका करायला हवा. सगळं आत्ताचं आणि हाताच्या अंतरावरचं. चढावर धाप लागली की माणसाला लांबचा विचार करताच येत नाही. पुढचं वळण, बास. काळजी ही सगळी उद्याची असते आणि सायकल तुम्हाला उद्याकडे जाऊ देत नाही. तुमच्यासारख्या बैठ्या आणि सतत कुणाच्या तरी उत्तराची वाट बघायच्या कामात ही गोष्ट फार मोठी आहे. पायडल मारलं की चाक फिरतं, लगेच. कुणाची मंजुरी लागत नाही.

यवतेश्वरचा घाट आमच्या गावाला लागूनच आहे, कासला जाणारा रस्ता. तो चढायला मला पाच महिने लागले. पहिल्यांदा दुसऱ्या वळणावरून परत आले. पुढच्या आठवड्यात एक वळण जास्त. घाट चढायची रीत मला एका दूधवाल्याने सांगितली, तो रोज वरच्या गावातून मोटरसायकलवर कॅन घेऊन खाली यायचा. म्हणाला, ‘ताई, वर बघू नका, चाकाम्होरं बघा.’ जूनच्या पहिल्या आठवड्यात वर पोचले. ढग खाली होते, अजिंक्यताऱ्याचा नुसता माथा दिसत होता. कुणाला फोन करावा असंही वाटलं नाही. कठड्याजवळ उभी राहून डब्यातला शिरा खाल्ला आणि उतरले. तो उतार! वारा कानात भरतो, डोळ्यातून पाणी येतं, पन्नाशीला आलेली बाई लहान पोरीसारखी ओरडते. आनंद म्हणतात तो हा, आणि सायकल चालवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं. तब्येत, वजन, बीपी हे त्याच्या मागून आलं.

आता तुमच्या वडिलांच्या संदर्भात. २०१९ ला आमच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. विस्मरणही सुरू झालं होतं. चौदा महिने. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, भरवणं, आणि वर नोकरी. त्या काळात मी सायकल सोडली नाही. सकाळी साडेपाच ते सव्वासहा ह्यांनी आईंजवळ बसायचं, मी बाहेर. नात्यातल्या बायका बोलल्या. घरात आजारी माणूस आणि सून सायकलवर फिरतीय. मला ते लागलं. एकदा घाटात तिसऱ्या वळणावर थांबून मी पोटभर रडले, रस्त्यावर कुणी नव्हतं. मग तोंड धुतलं बाटलीतल्या पाण्याने आणि घरी येऊन आईंना अंघोळ घातली.

पण त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडले नाही. ज्या सकाळी पावसामुळे जाणं व्हायचं नाही, त्या सकाळी मी चिडायचे. हा फरक मी चौदा महिने माझ्या डोळ्यांनी बघितलाय, म्हणून तुम्हाला ठामपणे सांगते की तुमच्या सायकलीचा पहिला फायदा तुमच्या वडिलांना होईल. सासूबाई रोज विचारायच्या, ‘कुठवर गेलतीस गं?’ मी सांगायचे, माहुलीपर्यंत, नदीला पाणी आलंय. पाच मिनिटांनी परत तेच विचारायच्या. मी परत सांगायचे, नदीला पाणी आलंय. त्यांचं माहेर नदीकाठचं. पाणी म्हटलं की चेहरा खुलायचा, दर वेळी नव्याने. शेवटच्या महिन्यात मी मुद्दाम माहुलीलाच जायचे, त्यांना सांगायला काहीतरी खरं असावं म्हणून.

एका गोष्टीपासून मात्र तुम्ही जपा, कारण तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे फार चटकन लागतं. दुसऱ्या वर्षी मी फोनवर स्ट्रावा घेतलं, म्हणजे किती अंतर, किती वेग हे मोजून इतरांशी तुलना दाखवणारं अ‍ॅप. महिन्याला ५०० किलोमीटरचं उद्दिष्ट, कुणाचा सरासरी वेग किती, घाटाला माझ्यापेक्षा कोण दोन मिनिटांनी पुढे. तीन महिन्यांत माझी सायकल म्हणजे बँकेचा दुसरा काउंटर झाला. रात्री टॅली लागल्याशिवाय चैन नाही. तब्येत बरी नसताना नुसते आकडे भरायला २० किलोमीटर गेले आणि गुडघा दुखवून बसले. मग ते काढून टाकलं आणि वर्षभर काहीही मोजलं नाही. तुम्ही दिवसभर आकड्यांवर तोलले जाता, निदान सकाळी तरी नको.

मोठ्या पल्ल्याच्या लोकांबद्दल मला अतोनात आदर आहे. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला दोघांच्या संघाने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ ला तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. मी स्वतः एक २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, केलीय, त्याला साडेतेरा तास मिळतात आणि दोन कंट्रोलच्या, म्हणजे नोंद करायच्या ठिकाणांच्या, मधे बाहेरची मदत चालत नाही, पंक्चर झालं तर तुमचं तुम्ही. तो दिवस मी विसरणार नाही. पण सुरुवात तिथून करायची नसते, आणि तिथे कधीच गेला नाहीत तरी काही बिघडत नाही.

पंक्चरवरून आठवलं. पहिल्या महिन्यातच पंक्चर काढायला शिका. मला आमच्या दुकानदार काकांनी शिकवलं. टायर लिव्हरने एक कड सोडवायची, ट्यूब बाहेर, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडे आले तिथे खूण. पुसून कोरडी करायची, घासकागदाने घासायची, सोल्युशन पातळ लावायचं. आणि मग थांबायचं. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं की ते सुटतं. पाच मिनिटं, बोटाला चिकटायचं बंद होईपर्यंत. त्या पाच मिनिटांत तुम्हाला दुसरं काही करता येत नाही, हात बरबटलेले, फोनही घेता येत नाही. ठिगळ दाबून बसवल्यावर ट्यूब लगेच आत घालायची नाही. टायरच्या आतून सगळीकडे हळूच बोट फिरवायचं. बाभळीचा काटा आत राहिलेला असतो, तो काढला नाही तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. कासच्या रस्त्याला, पावसात, एकटीने मी पहिल्यांदा हे सगळं केलं आणि चाक फिरलं, त्या आठवड्यात बँकेत कसलाच प्रसंग मला मोठा वाटला नाही. रस्त्यात अडकले तरी मी घरी येते, हे एकदा अंगात भिनलं की ते बाकी ठिकाणीही उपयोगी पडतं.

वेळेचं म्हणाल तर मला वाटतं तुमचा हिशोब चुकतोय. तुम्ही दोन तास शोधताय. चाळीस मिनिटं शोधा, आठवड्यातून चार दिवस. १६० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात तुम्ही बसता. मध्यम म्हणजे सायकल चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. कॉल साडेअकराला संपत असतील तर पहाटे पाचला उठायचा हट्ट धरू नका, झोप कापून सायकल नको. साडेसहा-पावणेसात चालेल. रात्री कॉल झाल्यावर जोरात चालवू नका, झोप आणखी लांबते. आणि ज्या दिवशी रात्रभर डोळा लागला नसेल त्या दिवशी रस्त्यावर नको, घरीच थांबा.

सुरुवातीलाच सायकलने हिंजवडी गाठायचा विचार असेल तर तो सोडा. त्या गर्दीत नवख्या माणसाचा ताण वाढेल. औंधजवळ राहता म्हणालात, तर सकाळी खडकी कॅन्टोन्मेंटातले झाडांचे रस्ते बघा. महागडी सायकल घेऊ नका. ओळखीतली जुनी चालेल, पण पुण्यात चढ-उतार आहेत, म्हणून गियर असू द्या. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, ती सीटची उंची. सीट खाली असली आणि गियर जड असला की गुडघे जातात, नव्या लोकांची बहुतेक दुखणी यातलीच. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा पहिल्या दिवसापासून, दिवसाउजेडीसुद्धा. बीपीचं बघता डॉक्टरांना आधी विचारा आणि गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय, ‘कधी कधी काहीच नको वाटतं.’ ती वाचून मी जरा थांबले. हे रोजचंच झालं असेल तर सायकलीच्या भरवशावर राहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. नोटाबंदीनंतर मला गोळ्यांबरोबर समुपदेशकाचीही गरज लागली होती आणि ते घेतल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सायकल आणि ही मदत, दोन्ही एकत्र करा.

वडिलांजवळ सकाळी ती चाळीस मिनिटं कोण बसेल, हे मात्र आजच घरात बोलून ठरवा. सायकल नंतर घेतलीत तरी चालेल. तुमची उंची आणि घराजवळचा रस्ता कळवा, कोणत्या मापाची फ्रेम घ्यावी आणि पहिल्या आठवड्यात किती जावं ते सांगते. आणि वडिलांना बोलता येत असेल तर आल्यावर त्यांना सांगा, कुठवर गेला होतात ते.